इटलीतील युद्धभूमी अभ्यासदौरा शिष्यवृत्ती (कोल्हापूर जिल्हा): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक आणि वर्गशिक्षक यांच्याकडून फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि शाळेच्या व्हरांड्यात गाठून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी उत्तरांसह दिले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. अर्ज भरण्यापूर्वी निदान प्रश्न ४, ५ आणि १४ नीट वाचा. सर्वाधिक अर्ज तिथेच अडतात.

१. ही शिष्यवृत्ती नेमकी कशाची आहे?

दुसऱ्या महायुद्धात आपल्या भागातले जवान इटलीत जिथे लढले आणि जिथे त्यांची स्मारके आहेत, त्या ठिकाणांचा हा दहा दिवसांचा अभ्यासदौरा आहे. भाऊबीज करून मुले निघतात आणि सुट्टी संपायच्या आत परततात. माजी सैनिक, इतिहासाचे शिक्षक आणि काही देणगीदार यांची समिती हा दौरा चालवते. ही सहल नाही. रोममध्ये उतरल्यावर कोलोसियम बसच्या खिडकीतून दिसते तेवढेच. प्रत्येक विद्यार्थी एका सैनिकाची नोंद तयार करून येतो आणि त्या त्या स्मारकापाशी उभा राहून ती इतरांना सांगतो. दौऱ्याचा गाभा एवढाच आहे.

२. इटलीच का? पहिल्या महायुद्धात तर मराठे इराकमध्ये आणि फ्रान्समध्ये लढले होते ना?

बरोबर आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने वाचन केलेले असते. पहिल्या महायुद्धातला मराठा पलटणींचा सर्वांत कठीण अध्याय मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) सहाव्या पुणे डिव्हिजनसोबत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमार झाली, अखेर शरणागती आणि मग कैद. पण अल्पवयीन मुलांचा गट घेऊन आम्ही इराकला जाणार नाही. शिवाय तिथल्या बेपत्ता सैनिकांसाठी उभारलेले बसऱ्याचे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेऊन बसवले आहे.

फ्रान्समध्ये नव्ह-शापेलचे भारतीय स्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिक व मजुरांचे ते स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झाले. जागा पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण आपल्या मुलांना आपल्या पलटणीचा माग एका देशात, सलग रस्त्याने, नावानिशी काढता यावा असे आम्हाला वाटते आणि ते इटलीत जमते. दोन मराठा जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे शौर्याचे सर्वोच्च पदक, मिळाला तो इटलीतच. नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे आणि शिपाई नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. १९२२ च्या फेररचनेत जुनी १०३वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली आणि ११०वी ही तिसरी बटालियन झाली. म्हणजे कुतच्या वेढ्यात उपाशी लढलेल्या याच त्या पलटणी. हा धागा मुलांना समजला की इराकला न जाताही इराक अभ्यासात येतो.

३. अर्ज कोण करू शकते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळा-महाविद्यालयात अकरावी ते पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी. शाखेची अट नाही. आयटीआय आणि डिप्लोमाचेही चालतात. टक्केवारीची अट मुद्दामच ठेवलेली नाही. एनसीसीचे प्रमाणपत्र असल्यास जोडा, पण त्याला वेगळे गुण नाहीत. मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात आणि शिक्षण पुण्यात, असे असेल तर अर्ज करता येत नाही.

४. ‘सैनिकाची नोंद’ म्हणजे काय लिहायचे?

एक माणूस निवडायचा. शक्यतो आपल्या तालुक्यातला, निदान आपल्या पलटणीतला. त्याचे नाव, गाव, बटालियन, मृत्यूची तारीख, स्मारकावरची जागा आणि त्या दिवशी त्या भागात काय चालले होते, हे चार-पाच पानांत मराठीत लिहायचे. हस्ताक्षरात चालते.

समिती वाचते ती यातली मेहनत. ‘रणांगणावर देह ठेवला’ अशी वाक्ये कितीही लिहिली तरी गुण वाढत नाहीत. पण ‘या नावाचे तीन जण सापडले, त्यातला आमच्या गावचा कोणता हे मी असे ठरवले’ असा एक परिच्छेद असेल तर अर्ज वर येतो. माहिती कुठून मिळाली ते प्रत्येक ठिकाणी लिहा. आजी सांगते, हा सुद्धा आधार आहे. फक्त ‘आजीने सांगितले’ असे स्पष्ट लिहा. इंटरनेटवरून उचललेला मजकूर लगेच ओळखू येतो. तसा अर्ज आम्ही पुढे वाचत नाही.

५. नाव शोधायचे कुठे? आमच्या गावात तर कुणालाच काही आठवत नाही.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची यादी विनामूल्य पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक भारतीय नोंदींत वडिलांचे, पत्नीचे आणि गावाचे नाव दिलेले असते. नुसते आडनाव टाकून शोधू नका. भारतीय नावे कधी आडनावाखाली, तर कधी पूर्ण नाव एकत्र धरून पहिल्या नावाखाली नोंदलेली आहेत. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गावाचे, तालुक्याचे किंवा संस्थानाचे नाव टाकून शोधलेले बरे. स्पेलिंग लिहून घेणाऱ्या कारकुनाला जसे ऐकू आले तसे असते. गडहिंग्लज, हातकणंगले, पन्हाळा यांची तीन-चार स्पेलिंगे तरी करून पाहा. पलटणीच्या नावात ‘मराठा’चे जुने इंग्रजी स्पेलिंग वेगळे (Mahratta) आहे, तेही लक्षात ठेवा.

जुनी हद्द लक्षात घेतली नाही, तर शोध हमखास चुकतो. तेव्हा कोल्हापूर संस्थान होते. कुरुंदवाडचे संस्थान वेगळे होते. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. चंदगडच्या मुलांनी कोल्हापूर टाकून शोधले तर हाती काही लागत नाही. बेळगाव टाकून पाहा.

कागदाबाहेरही शोधा. गावच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या कट्ट्यावर पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली हे सांगणारी संगमरवरी पाटी अनेक गावांत आहे. तिच्यावर चुना मारलेला असतो, म्हणून दिसत नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात घरोघरी सैनिक आहेत. तिथे जाऊन नुसते पारावर बसलात तरी पलटणींची नावे कानावर पडतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये विचारणा करायची असेल तर शाळेच्या पत्रासह लेखी करा.

६. आमचे पणजोबा इटलीतून जिवंत परत आले. त्यांच्यावर लिहिले तर चालेल का?

चालेल, आणि असे अर्ज यावेत असे आम्हाला मनापासून वाटते. फक्त वरच्या यादीत ते सापडणार नाहीत, कारण ती मृतांची यादी आहे.

घरातली पत्र्याची पेटी उघडा. सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा आणि त्याला लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशा उभ्या पट्ट्यांची फीत असेल, तर तो ‘इटली स्टार’. जून १९४३ ते मे १९४५ या काळात त्या आघाडीवर असलेल्यांना तो मिळाला. फीत बहुधा विटलेली किंवा बदललेली असते. ताऱ्याच्या मधल्या वर्तुळाभोवती इंग्रजीत कोरलेले पदकाचे नाव वाचा. पदक गोल चांदीचे असेल, त्यावर १९१४-१८ असे असेल, तर ते पहिल्या महायुद्धाचे. त्याची कड उजेडात धरून हळूहळू फिरवा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेच पदक चांदीऐवजी काशाचे असेल तर माणूस बहुधा मजूर पथकात गेला होता. तोही आमच्या लेखी तितकाच महत्त्वाचा. पदक घासून चकचकीत करू नका. घासून घासून कडेची अक्षरे जातात आणि मग ओळख पटवायला काहीच उरत नाही.

सैन्यातून सुटल्याचे (डिस्चार्जचे) पुस्तक, पेन्शनची वही, मनिऑर्डरच्या पावत्या, काहीही जोडा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

७. आमच्या घरात कुणीच लष्करात नव्हते. अर्ज करून उपयोग आहे का?

आहे. घरातला माणूस असावा अशी अट नाही आणि त्याला जादा गुणही नाहीत. ज्याच्या घरात कुणी उरले नाही अशा जवानाचे नाव तुम्ही शोधून काढलेत तर ते काम अधिक मोलाचे. तालुक्यातले कुणीच सापडले नाही तर घाडगे किंवा जाधव यांच्यावर लिहायला हरकत नाही. पण त्यांच्यावर अर्ज पुष्कळ येतात, तेव्हा नवे काहीतरी हवे.

८. आमचा माणूस बर्मात किंवा सिंगापूरला गेला. मग?

नोंद ग्राह्य आहे, दौरा मात्र इटलीतच होईल. बर्मातल्या बेपत्तांची नावे यांगूनजवळच्या टाउक्यान येथील रंगून स्मारकावर आहेत, सिंगापूर-मलायातल्यांची क्रांजी येथे. नाव कोणत्या फलकावर आहे ते आयोगाच्या नोंदीत दिलेले असते. तेवढे लिहा.

९. हे सैनिक इंग्रजांसाठी लढले. त्यांना वंदन करायला मुलांना नेणे म्हणजे गुलामीचा गौरव नाही का?

हा प्रश्न शिक्षक विचारतात, पालक विचारतात, आणि दर वेळी एखादा विद्यार्थी मुलाखतीत उलट आम्हालाच विचारतो. तो टाळायचा नाही असे आमचे ठरले आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर गेले. भारताला युद्धात ओढताना भारतीयांना कुणी विचारले नव्हते. त्याच काळात १९४२ चे ‘चले जाव’ झाले, शेजारी साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे भुकेने मेली. आफ्रिकेत जर्मनांच्या हाती पडलेल्या हिंदी युद्धकैद्यांमधून नेताजींच्या पुढाकाराने जर्मनीत आझाद हिंद लीजन उभी राहिली. एकाच तालुक्यातून एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगत, असेही घडले. हे सगळे मुलांना माहीत असले पाहिजे, आणि दौऱ्यापूर्वीच्या वर्गात आम्ही ते शिकवतो.

आणि तरीही आम्ही जातो. कोरडवाहू जमिनीवर घर चालत नाही म्हणून भरती झालेला बावीस वर्षांचा मुलगा साम्राज्याची धोरणे ठरवत नव्हता. त्याच्या समोर फॅसिस्ट आणि नाझी फौजा होत्या, आणि त्या हरल्या हे जगाच्या दृष्टीने बरे झाले. त्याला इंग्रजांनी पुरेसे आठवले नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी जवानांचा पलटणीखाली फक्त आकडा दिला. युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालात ही असमानता कबूल केली. स्वतंत्र भारतातही आपण त्याला आठवले नाही, कारण तो परक्यांच्या सैन्यात होता. दोन्हीकडून वगळलेल्या माणसाचे नाव त्याच्या गावच्या मुलाने मराठीत उच्चारावे, यात गुलामीचा गौरव आहे असे आम्हाला वाटत नाही.

विद्यार्थ्याचे मत वेगळे असू शकते. नोंदीत ते लिहा. त्यामुळे निवड अडत नाही.

१०. दौऱ्यात कुठे-कुठे नेतात?

रोमहून बसने दक्षिणेला कॅसिनो, तिथून एड्रियाटिक किनाऱ्यावर सांग्रो, मग वर उंब्रियातले मोंतोने, शेवटी फोर्ली आणि सेनिओ नदी.

कॅसिनोत सर्वांत जास्त वेळ देतो. डोंगरावरचा मठ इ. स. ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्टने स्थापन केलेला. दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी १५ फेब्रुवारी १९४४ रोजी तो बेचिराख केला, आणि युद्धानंतर तो होता तसा पुन्हा बांधला. चौथी भारतीय डिव्हिजन फेब्रुवारी-मार्चमध्ये याच उतारांवर झुंजली. मे महिन्यात आठवी भारतीय डिव्हिजन खालच्या गारी नदीपलीकडे गेली. खाली गावाशेजारी युद्धसमाधीस्थळ आहे, ४,२०० हून अधिक कबरी. मधोमध पाण्याच्या कडेने हिरव्या संगमरवरी फलकांवर बेपत्तांची नावे. नाईक यशवंत घाडगे यांचे नाव इथे आहे.

मोंतोने हे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातले टेकडीवरचे छोटे गाव. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे घाडगे १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात पडले. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. गावकऱ्यांनी आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी जुलै २०२३ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले. परक्या गावाने हे करावे, हे मुलांच्या मनात खोल जाते.

सेनिओ नदी पाहून मुले आधी हिरमुसतात, कारण ती पंचगंगेपेक्षा खूपच अरुंद आहे. मग काठावर चढवतो तेव्हा कळते. दोन्ही बाजूंना पुराचे उंच बांध, आणि त्या बांधांतच जर्मनांनी मोर्चे खोदले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधवांची तुकडी पलीकडच्या बांधावर जवळजवळ कापली गेली. त्यांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले. परत जाऊन तीन मशिनगन ठाणी मोडली. मग बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावले. ते वाचले आणि १९८४ पर्यंत जगले. त्या बांधावर मुलांना पाच मिनिटे गप्प उभे करतो. गर्जना कुणी सुरू करायची हे त्यांच्यावर सोडतो.

११. घाडगे उंब्रियात पडले, मग त्यांचे नाव एवढ्या लांब कॅसिनोत कसे?

कॅसिनो स्मारक फक्त त्या लढाईचे नाही. सिसिली आणि इटलीच्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही अशांची नावे तिथे एकत्र आहेत. म्हणून तुमच्या सैनिकाचे नाव कॅसिनोत दिसले तर ‘कॅसिनोच्या लढाईत मृत्यू’ असे लिहू नका. तारीख पाहा आणि त्या तारखेला त्याची बटालियन कुठे होती ते शोधा.

१२. पोलिश दफनभूमीत का नेतात? आपला काय संबंध?

आपलाच संबंध आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसे, बहुतेक बायका आणि मुले. रशियाने सैबेरियाकडे हाकललेली ही कुटुंबे फिरत फिरत इथे आली आणि त्यांतल्या कितीतरी घरांतले पुरुष पोलिश सेनापती जनरल आंदेर्सच्या सैन्यात गेले. त्याच सैन्याच्या दुसऱ्या पोलिश कोअरने १८ मे १९४४ रोजी मोन्ते कॅसिनोच्या मठावर झेंडा लावला. मठासमोरच्या उतारावर त्यांच्या हजाराहून अधिक कबरी आहेत. आंदेर्सही तिथेच आहेत. बायको-मुले वळिवड्यात आणि नवरा त्या डोंगरावर. महावीर गार्डनमधला पोलिश स्मृतिस्तंभ आधी पाहून या, मग तिथे उभे राहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारकही आहे.

१३. आपल्या हिंदू जवानांना पुरले की दहन केले? आणि आम्ही गावची माती, हार, नारळ नेऊ शकतो का?

दोन्ही झाले. जिथे शक्य होते तिथे धर्माप्रमाणे दहन केले. अशांसाठी इटलीत तीन दहनस्मारके आहेत: सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी. एकट्या सांग्रोच्या स्मारकावर ५०० हून अधिक भारतीय नावे आहेत. तिथे कबर नसते, फक्त नाव असते. आजोबांचा ‘दगड’ बघायला निघालेल्यांना हे आधी सांगावे लागते.

माती नेता येत नाही. भारतातली माती युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे आणि तिकडची माती भारतात आणायलाही परवाना लागतो. खिशात चिमूटभर नेली तर काय होते, असे विचारू नका. नारळ, ताजा हार, फुले घेऊ नका. फुले तिथे विकत घेतो. उदबत्ती, कापूर स्मारकात लावायचा नाही. नावाच्या दगडावर हळद-कुंकू लावू नका, कारण डाग जात नाही. गावकऱ्यांनी सही केलेला कागद, शाळेच्या मुलांनी लिहिलेले पत्र, फोटो, हे सगळे चालते. अभंग म्हणायचा असेल तर म्हणा.

१४. पासपोर्टमध्ये नेमके काय अडते?

नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचे नावच नाही, आणि ‘ई’ की डबल ‘ई’ यावरून स्पेलिंग तीन तऱ्हेचे. व्हिसाच्या फाइलमध्ये हे सगळे एकत्र जोडले की शंका येते. अर्ज भरण्याआधीच जन्मदाखला आणि आधार एकसारखे करून घ्या. निवड झाल्यावर करू म्हणाल तर वेळ पुरत नाही.

कोल्हापुरातच पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे. फाइल पुण्याच्या कार्यालयाकडे जाते. अठराखालील मुलांसाठी आईवडील दोघांच्या सहीचे परिशिष्ट ‘डी’ लागते. पासपोर्ट दहा वर्षांहून जुना नसावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. पोलीस पडताळणीला घरी कुणीतरी असावे.

१५. व्हिसा कोण काढते?

आम्ही, गटाने. इटलीत मुक्काम असल्याने अर्ज इटलीकडे. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः मुंबईला यावे लागते. त्या दिवशी शाळेला पत्र देतो. शैक्षणिक प्रवासावरच्या विद्यार्थ्यांना शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचे) शुल्क माफ होऊ शकते, व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क मात्र पडते. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा बंधनकारक आहे आणि तो शिष्यवृत्तीतून निघतो. व्हिसा नाकारला गेला तर पुढच्या दौऱ्यात जागा राखून ठेवतो, नवा अर्ज नको.

१६. वडील वारले आहेत, किंवा आईवडील वेगळे राहतात. संमती कुणाची?

वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि आईची नोटरी केलेली संमती पुरते. घटस्फोट झाला असेल तर ताबा कुणाकडे आहे हे दाखवणारा न्यायालयाचा आदेश लागतो. आदेश नाही, दोघे नुसते वेगळे राहतात आणि वडिलांचा पत्ता नाही, अशी प्रकरणे सर्वांत अवघड. पासपोर्टसाठी परिशिष्ट ‘सी’ भरून एका पालकाच्या सहीवर अर्ज करता येतो. पण व्हिसाला त्याहून जास्त कागद मागू शकतात. अशा घरांनी अर्जाच्या पहिल्या दिवशीच आम्हाला सांगावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही, आणि वेळ हाताशी असली तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. मामा किंवा आजोबा सांभाळत असतील तर कायदेशीर पालकत्वाचा आदेश हवा. सरपंचांचा दाखला चालत नाही.

१७. खर्च किती पडतो?

विमान, बस, राहणे, जेवण, व्हिसा, विमा आणि कोल्हापूरहून मुंबईपर्यंतचा महालक्ष्मी एक्स्प्रेसचा प्रवास शिष्यवृत्तीत. पासपोर्ट, गरम कपडे आणि हातखर्च घरचा. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी अर्जात एक ओळ लिहावी. ती ओळ निवड झाल्यावरच उघडून पाहिली जाते.

१८. मुलींची सोय कशी असते?

सोबत शिक्षिका असतात, खोल्या वेगळ्या मजल्यावर किंवा वेगळ्या भागात. मुलगी एकटी कुठेही जात नाही, मुलगाही जात नाही. नियम दोघांना एकच.

१९. शाकाहारी आणि जैन मुलांच्या जेवणाचे काय?

शाकाहारी जेवणाची अडचण नाही. कांदा-लसूण नसलेले जेवण मात्र लहान गावांत रोज मिळेलच असे नाही, आणि आपण जातो तेव्हा चातुर्मास संपलेला नसतो. शिरोळ-इचलकरंजीकडच्या पालकांनी हे मुलाशी आधी बोलून ठरवावे. घरून भडंग, शेंगदाण्याची चटणी, खाकरे द्या. पेढे, खवा, तूप देऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून युरोपात नेता येत नाहीत.

२०. थंडी किती असते?

डोंगरावर बोचरी, आणि पाऊस. घड्याळ एक तास मागे गेलेले असल्याने पाचच्या सुमारास अंधार पडतो. स्वेटरपेक्षा चिखलात न घसरणारे बूट महत्त्वाचे. नवे बूट घ्याल तर आधी पन्हाळ्यावर चालून ते पायाला बसवून घ्या.

२१. घरी फोन कधी करता येतो?

रोज एकदा. इटली साडेचार तास मागे असते. आपल्याकडे रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे साडेसहा. म्हणून शक्यतो तिकडच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी, आपल्या संध्याकाळी, फोन होतो. स्मारकात असताना मोबाइल फक्त फोटोसाठी. दगडावरची अक्षरे नीट येण्यासाठी टॉर्च बाजूने तिरकी धरा.

२२. जर्मन कबरींपाशीही नेतात, हे खरे का?

खरे आहे. कॅसिनोजवळ काइरा येथे २०,००० हून अधिक जर्मन सैनिक आहेत. तिथे कुणी भाषण करत नाही. मुले कबरींवरची जन्मसाले वाचतात आणि वजाबाकी करतात. ज्यांना जायचे नाही त्यांनी बसमध्ये थांबावे, सक्ती नाही.

२३. परत आल्यावर काय करावे लागते?

ज्याची नोंद केली त्याच्या गावी जाऊन शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ती वाचून दाखवायची. घरचे कुणी हयात असतील तर फलकाचा फोटो मोठा करून त्यांना द्यायचा. प्रिंटचा खर्च आमचा. हे काम केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. घरच्यांनी नको म्हटले तर आग्रह धरू नका, तसे कळवा.

२४. निवड झाली नाही तर नोंदीचे काय होते? पुन्हा अर्ज करता येतो का?

प्रश्न ३ मधल्या अटीत बसत असाल तर पुन्हा करता येतो, त्याच सैनिकावर, नव्या माहितीसह. न निवडलेल्या नोंदीही आम्ही तालुक्यानुसार लावून ठेवतो आणि पुढच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतो. ज्यांना द्यायची नसेल त्यांनी अर्जाच्या शेवटच्या पानावर तशी खूण करावी. नोंदीसोबत पाठवलेल्या झेरॉक्स मागितल्यास परत मिळतात.